चौथं पुस्तक, सरळ धरून

आबा,

मी चौथं पुस्तक वाचायला घेतलं आहे. जपानी भाषेतलं, चित्रांतून गोष्ट सांगणारं, उजवीकडून उघडणारं. तेव्हा आपल्या घरी आलेल्यांपैकी नव्हे. ती कुठं गेली ते धाकट्या भावालाही आता सांगता येत नाही. हे माझ्या नातीचं आहे. तिला वाळूजच्या एका जपानी कंपनीत लागायचं आहे, म्हणून ती क्लासला जाते. तिथल्या बाईंनी या पुस्तकांचे, मांगा म्हणतात त्यांना, सोप्याकडून अवघडाकडे टप्पे पाडून दिले आहेत. पहिल्या टप्प्यात लहान मुलं उठतात, जेवतात, शाळेत जातात. एका चौकटीत तीन-चार शब्द. दुसऱ्यात घरातली भांडणं आणि एक मांजर. तिसऱ्यात माणसं लांब वाक्यं बोलायला लागतात, पण प्रत्येक अवघड अक्षराच्या अंगाला बारीक अक्षरांत त्याचा उच्चार दिलेला असतो. चौथ्यापासून ती बारीक अक्षरं कमी होत जातात. सकाळची पूजा, पोथीचा अध्याय आणि स्वयंपाक आटोपला की मी अकराला खिडकीशी बसते. नवे शब्द हिशेबाच्याच वहीत मागच्या बाजूनं लिहिते. त्यासाठी वेगळी वही कशाला. मुलगा येता-जाता हसतो. त्याला वाटतं, म्हातारीला चित्रं बघायला मिळाली, बरं झालं.

नात हसली नाही, तिला आश्चर्य वाटलं. पहिल्या दिवशी मी पुस्तक हातात घेतलं तेव्हा ती म्हणाली, "आज्जी, मी सांगणारच होते की उलटं धरलंयस, तर तू बरोबर बाजूनं उघडलंस."

"आमच्या आबांनी दाखवलं होतं."

"तुझ्या आबांना जपानी यायचं?"

"उर्दू यायचं."

तिला त्याचा काही अर्थ लागला नाही आणि मीही समजावून सांगितलं नाही. तुम्ही निजामाच्या राज्यात सातवीपर्यंत उर्दूत शिकलात, तहसिलीत मोहरीर, म्हणजे कारकून, म्हणून चिकटायचं जवळजवळ ठरलं होतं, आणि पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं. कचेरीची भाषा बदलली. तुमचं सुंदर अक्षर कुणाच्या कामाचं राहिलं नाही आणि तुम्ही अजिंठ्याच्या लेण्यात राखणदाराच्या नोकरीला लागलात. हे सगळं तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की आम्हाला पाठ होतं. शेवटी म्हणायचात, "शिकल्यालं येका म्हैन्यात रद्दी व्हतं. म्या बघितलंय." मला त्याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही, कारण तेच वाक्य तुम्ही पुढं मला ऐकवलंत, आणि धाकट्याला कधी ऐकवलं नाहीत.

मी पाचवीत असताना त्या जपानी बाई आल्या. भिंतीवरची चित्रं कागदावर उतरवून घ्यायला दोन हिवाळे राहिल्या. बाहेर एकजण मोठा आरसा धरून ऊन आत फेकायचा, आणि आत तुम्ही पांढऱ्या कापडाची चौकट धरून ते ऊन भिंतीवर पाडायचात. ऊन सरकलं की तुम्ही सरकायचं, असं दिवसभर. बाई म्हणायच्या मिगी, म्हणजे उजवीकडं. हिदारी, म्हणजे डावीकडं. सुकोशी, म्हणजे जरासं. तुमचं जपानी एवढंच, आणि तेवढ्यावर तुमचं काम अगदी नीट चालायचं. आपण पायथ्याच्या खोल्यांत राहायचो, मी दुपारी डबा घेऊन वर यायचे. तुम्ही जेवेपर्यंत बाई हात पुसून मला जवळ बसवायच्या आणि चित्राच्या कागदाच्या कपट्यांवर अक्षरं काढून द्यायच्या. मासा काढायच्या, शेजारी मासा लिहायच्या. पहिला हिवाळा संपताना त्यांनी मला दोन पुस्तकं दिली आणि वर शाईनं एक आणि दोन असे आकडे घातले, कुठलं आधी ते कळावं म्हणून.

त्या संध्याकाळी मी एक नंबरचं पुस्तक डावीकडून उघडून बसले होते. मुलगी आधी रडते आहे, मग पडते आहे, मग धावते आहे, कशाचा मेळ लागेना. तुम्ही हातपाय धुऊन आलात, बघितलंत आणि पुस्तक माझ्या हातात फिरवून दिलंत. "अगं येडे, ही बुकं उर्दूवानी हायेत. हिकडनं उघड." मग माझ्या शेजारी बसून तुम्ही अर्धं पुस्तक उलगडलंत, बोट उजवीकडून डावीकडं नेत. इतक्या वर्षांनी तुमच्या बोटाला ती वाट सापडली होती आणि तुम्ही खुशीत होतात. हे खरं आहे म्हणून लिहिते. ते आठवलं की पुढचं जास्त लागतं.

दुसऱ्या हिवाळ्यानंतर बाई परत गेल्या आणि अधूनमधून एखादं पुडकं यायला लागलं. तिसरं पुस्तक मी सातवीत असताना आलं. सोबत माझ्यासाठी सोप्या अक्षरांत पत्र असायचं. त्यात लिहिलं होतं, प्रत्येक शब्दाशी अडून बसू नकोस. चित्र बघ, पुढं जा, पान संपलं की मागं ये. नातीच्या क्लासमध्ये आज हेच सांगतात आणि त्याची फी घेतात. मी तिसरं पुस्तक तीनदा वाचलं. बाईंना पत्रं लिहायला लागले. चुका असायच्या, त्या दुरुस्त करून माझं पत्र परत पाठवायच्या.

मग ती जपानी यात्रेकरूंची तुकडी आली. मी आठवीत. तुम्ही चौकट धरून त्यांना चित्रं दाखवत होतात आणि एक म्हातारी तुम्हाला सारखं काहीतरी विचारत होती. तुम्ही मान डोलवत कधी उजवीकडं ऊन पाडायचात, कधी डावीकडं. ती बिचारी पाणी मागत होती. मी डबा खाली ठेवला, तुम्हाला म्हटलं, आबा, त्यांना पाणी पायजे, आणि तिला तिच्या भाषेत सांगितलं की खाली पायऱ्यांपाशी माठ आहे. सगळी तुकडी माझ्याकडं वळली. मला मधे उभं करून त्यांनी फोटो काढला. तुम्ही बाजूला चौकट घेऊन उभे होतात. फोटोत यायला तुम्हाला कुणी बोलावलं नाही, आणि मलाही ते सुचलं नाही.

घरी आल्यावर तुम्ही पाणीसुद्धा घेतलं नाहीत. "बाप येडा आन् लेक शानी, आसं दाखवायचं व्हतं का तुला?"

"आबा, त्यांना तहान लागली व्हती."

"लागू दे. माज्या नोकरीच्या जागी माज्या म्होरं तोंड उघडायचं नाय."

दुसऱ्या दिवसापासून डबा धाकटा न्यायला लागला. त्यानंतर दोन वर्षांनी चौथं पुस्तक आलं. त्यावर माझं नाव होतं आणि तुम्ही ते धाकट्याच्या ट्रंकेत ठेवलंत. तो गाईड झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय होईल, म्हणालात. मी म्हटलं, आबा, ते माझं आहे. तुम्ही म्हणालात, "तुला काय सासरी भाकऱ्या जपानीत थापायच्यात?" माय चुलीपाशी होती. ती पदर तोंडाला लावून हसली. तुमचं बोलणं मी विसरलेही असते, तिचं हसू विसरता आलं नाही.

त्याला शिकवायचं मात्र मीच. जेवणं झाली की चुलीपाशी कंदील ठेवून आम्ही दोघं बसायचो. पुस्तक त्याच्या हातात असायचं, तो तुमचा हुकूम होता. मी समोर पाटी घेऊन. त्यामुळं चौथं पुस्तक मी सबंध उलटं वाचलं आहे; खालची चौकट वर, माणसं डोक्यावर चालताहेत, अशी ती गोष्ट माझ्या डोळ्यांपुढं आहे. धाकटा चौथ्या चौकटीला पेंगायचा. "अक्के, मला नुसतं बोलायचं सांग. माणसं काय लिवत येणारेत का लेण्यात? बोलतच येणार." त्याचं काही चूक नव्हतं. त्याला नको होतं ते तुम्ही त्याच्या हातात दिलंत आणि मला हवं होतं ते समोरच्या हातात दाखवत ठेवलंत. शिकलेलं रद्दी होतं म्हणता, मग ती रद्दी मुलाला कशाला, आणि मुलीला देताना हात का आखडला? हे विचारायचं मी मॅट्रिक होईपर्यंत ठरवत होते. मॅट्रिक झाले आणि तुम्ही शहरातलं, गुलमंडीच्या मागचं स्थळ आणलंत.

धाकटा गाईड झाला. चांगला झाला, घर बांधलं, यात्रेकरूंबरोबरचे फोटो भिंतीभर लावले. आपल्या नात्यात जपानी म्हटलं की त्याचंच नाव. तुम्हाला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली; पितृपंधरवड्यात तो तुमच्या नावानं पान मांडतो, मला बोलावतो, मी जाते, नमस्कार करते, जेवते. दरवर्षी कुणीतरी म्हणतं, आबांनी पोराला हाताला धरून शिकवलं. मी वाढायला उठते.

गेल्या आठवड्यात नात चौथ्या पुस्तकातल्या एका पानाशी अडली. मीही अडले होते. ती म्हणाली, मामाआजोबांना विचारू, आणि फोन लावून आवाज मोठा केला. पानाचा फोटो त्याला पाठवला. तो हसायला लागला. "मला कुठं वाचाय येतं बाळा? माझं समदं तोंडी. वाचायचं डोकं तुज्या आजीचं. आपल्याकडं चार बुकं आली आन् मग बाई विसरलीच आपल्याला. नायतर म्या बी पंडित झालो असतो." किती सहज बोलला तो, आबा. पन्नास वर्षं मी जे ऐकायची वाट बघत होते ते त्यानं सुपारी कातरल्यासारखं बोलून टाकलं, आणि लगेच नातीला विचारलं, तिकडं पाऊस आहे का.

फोन ठेवल्यावर नातीनं पुस्तक मिटलं. "मग तू का सोडलंस आज्जी?"

"आमच्या आबांनी बंद केलं."

"फार वाईट केलं त्यांनी," ती म्हणाली. मी हो म्हटलं. आयुष्यभर मी हेच सांगत आले आहे, नवऱ्याला, शेजारणींना, देवापुढं बसून देवालासुद्धा. आणि तुम्ही वाईट केलंत हे खरंच आहे, त्यातला एक शब्दही मी मागं घेत नाही. पण बंद तुम्ही केलं नव्हतं.

लग्न महिन्यावर आलं होतं. तुम्ही परदेशी टपालाचा निळा कागद घेऊन आलात आणि मला पाट देऊन बसवलंत. "लिव. पोरीचं लगीन ठरलं. म्होरली बुकं पोराच्या नावानं धाडा. नमस्कार." दुसरं कुणाला लिहिता येत नव्हतं म्हणून माझी पुस्तकं काढून घेणारं पत्र मलाच लिहायला लावत होतात. मी लिहायला लागले. तुम्ही डोक्यापाशी उभे होतात. तुम्हाला उर्दू येत होतं, मराठी जमेल तसं येत होतं, आणि त्या कागदावरचं एक अक्षरही येत नव्हतं. ते मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं. मी लिहिलं, आमच्या घरात आता कुणी वाचत नाही, पुस्तकं पाठवू नका. लग्नाचं लिहिलं नाही, कारण लग्नाचं कळलं असतं तर बाईंनी सासरचा पत्ता मागितला असता, आणि मला त्या वेळी काही नको होतं. मला मिळणार नाही तर त्यालाही मिळू नये, एवढंच डोक्यात होतं.

"लिवलं का समदं?"

"व्हय."

"मोठं अक्षर काढलंस, बरं केलं," तुम्ही म्हणालात, आणि कागद घडी करून, चिकटवून, स्वतः चालत पोस्टात टाकून आलात.

त्यानंतर एकही पुडकं आलं नाही. बाई विसरल्या नव्हत्या. माझं म्हणणं जसंच्या तसं ऐकणारं तेव्हा जगात ते एकच माणूस होतं, आणि त्यांनी ते ऐकलं. सासरी गेल्यावर मला दुसरं पत्र लिहिता आलं असतं. गुलमंडीहून पोस्ट दहा मिनिटांवर होतं. मी लिहिलं नाही. तुम्ही असताना लिहिलं नाही आणि तुम्ही गेल्यावरही नाही. तोवर बाई असतील की नाही याचा विचार करायची मला भीती वाटायला लागली होती.

हे कागद मी वहीतच ठेवणार आहे. नातीला यातलं काही सांगितलेलं नाही, आणि आता सांगेन असं वाटत नाही. तिला तिची आजी आहे तशी बरी आहे. तुम्हाला मात्र एवढं कळायला पाहिजे. पंचमीला माहेरी आले की माय भाजी निवडता निवडता सांगायची, तुझे आबा आजबी पोस्टात जाऊन आले, जपानचं काय आलं का म्हणून. पहिल्या वर्षी सांगितलं, तिसऱ्या वर्षी सांगितलं, धाकट्याला मुलं झाली तरी तुम्ही विचारत होतात. मी खाली मान घालून देठ तोडत बसायचे. मला बरं वाटायचं, आबा.