तळ्यावरचा वटवट्या

६ एप्रिल

चि. धाकटीस,

आशीर्वादाची ओळ आज शेवटी घेतो, आधी भांडण. फोनवर बोललो असतो तर तोंडातून वेडंवाकडं गेलं असतं. कालच्या पक्षिफेरीत तू माझी शोभा केलीस. भर अवकाळी पावसात चौदा माणसं छत्र्या सांभाळत तळ्याकाठी माझ्यामागे चालत होती. मी त्यांना सांगत होतो की छोटा वटवट्या हे तळं सोडून गेला, तीन वर्षांत त्याची एक हाक माझ्या कानी आली नाही, आणि याला कारण बागवाल्यांचं ते भिकार कारंजं. तेवढ्यात तू माझी बाही ओढलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, की तो आत्ता बोलतो आहे, समोरच्या पाणगवतात. लोक आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

बावीस वर्षं ही फेरी मी नेतोय. तुला पहिली दुर्बीण मी धरायला शिकवली. कारंजं बंद करा म्हणून बागेच्या कचेरीत अकरा अर्ज दिलेत, ते काय उगाच? पुढच्या फेरीला तू आली नाहीस तरी चालेल.

आईचे आशीर्वाद. माझे राग उतरल्यावर.

बाबा

९ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

उत्तर दोनदा लिहून दोनदा फाडलं, इतकी चिडले होते. बाही ओढली, चुकलं. बाकी एक शब्दही मागे घेणार नाही. बाबा, तो वटवट्या कुठेही गेलेला नाही. तुमच्या मागे उभी राहून मी दर वेळी त्याला ऐकते, आणि तुमच्या वहीत त्याच्यापुढे फुली पडताना बघते. आईने शपथ घातली म्हणून गप्प होते. पण त्या दिवशी तुम्ही बाराव्या अर्जावर त्या चौदा जणांच्या सह्या घेणार होतात! उद्या लोक तुम्हाला हसले असते, ते मला सहन झालं नसतं.

दाराची बेल वाजते आणि तुम्ही पेपर वाचत बसता. छापखान्यात मशीनशेजारी पस्तीस वर्षं काढलीत, कुणाचेही कान जातील. कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं की अंगावर येता. या वेळी खुशाल या.

रागावलेली, तरी तुमचीच,
धाकटी

१४ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला शपथेचा जाब विचारला, तर ती माझ्यावरच उखडली. काल सकाळी एकटाच तळ्यावर गेलो, तुला खोटं पाडायला. पाऊस होताच. दुर्बीण लावून पाऊण तास पाणगवतासमोर उभा राहिलो. शेवटी तो दिसला. गवताच्या शेंड्यावर, भिजलेला, चोच उघडी, गळा सारखा थरथरत होता. मला काहीही ऐकू आलं नाही.

फार संताप आला. तुझा, त्याचा, सगळ्यांत जास्त माझा. तीन वर्षं तो इथेच घसा फोडत होता आणि मी त्याला गेला म्हणून लिहीत होतो. अर्ज मागे घेतले. कचेरीतला कारकून गालात हसला, हसू दे मेल्याला.

डॉक्टरांची वेळ घे. बरोबर येऊ नकोस, मला हात धरून नेलेलं खपत नाही. रविवारी मात्र फेरीला ये आणि माझ्याशेजारी उभी राहा. तो बोलला की बाही ओढ. सगळ्यांदेखत ओढलीस तरी चालेल.

राग अजून आहे, लोभही आहे.

बाबा