अकरा वर्षांचा तयार डोळा

५ मे, सोमवार. सकाळी ११.
पत्र आलं. उन्हाळी संशोधन फेलोशिपसाठी अकादमीने मला मेंटॉर म्हणून निवडलंय. बीएस्सीचा एक विद्यार्थी आठ आठवडे माझ्या हाताखाली. त्याचा खर्च सगळा अकादमीचा, डोकं माझं.

शेजारच्या टेबलावरच्या हयवदनला पत्र दाखवलं. त्याच्याकडे आजवर चार विद्यार्थी येऊन गेलेत. तो म्हणाला, रेल्वे डिपार्टमेंटला अखेर माणूस मिळाला म्हणायचं. माझ्या संशोधनाला तो हेच नाव देतो. कॉलेज यशवंतपूर स्टेशनला लागून आहे, गाडी गेली की लॅबची खिडकी थरथरते. या हादऱ्यांमुळे अवऱ्याच्या रोपांना जास्त उपमुळं फुटतात, हे मी अकरा वर्षांपूर्वी सिद्ध केलं. कॉलेजच्या वार्षिकात छापूनही आलंय. बाहेरच्या कुठल्या मासिकाने ते छापलं नाही, यात नुकसान मासिकांचं आहे.

संकल्प:
१. विद्यार्थ्यावर चिडायचं नाही.
२. हयवदनचं नाव या वहीत पुन्हा काढायचं नाही.
३. जुलैअखेर पेपर. बाहेरच्या मासिकात.

१९ मे, सोमवार.
विद्यार्थिनी आली. संहिता, साताऱ्याची, बीएस्सी दुसरं वर्ष. मराठी मुलगी मिळाली म्हणून बरं वाटलं. आमचं घराणं तीनशे वर्षांपासून इकडचं, कन्नड मुलखातलं, त्यामुळे माझ्या मराठीत कन्नड किती आणि मराठी किती हे तिला पहिला तासभर कळत नव्हतं. अवरे म्हणजे काय, विचारत होती. बी हातावर ठेवल्यावर म्हणाली, हे तर पावटे. म्हणू दे.

दोन तास सलग समजावून सांगितलं. मान खाली घालून लिहून घेत होती. बिया काचेच्या बश्यांत रुजवायच्या. हादऱ्यातल्या बश्या यशवंतपूरला लॅबमध्ये, शांततेतल्या बश्या देवनहळ्ळीला माझ्या मेहुण्याकडे. शेवटी तिने एकच प्रश्न विचारला. देवनहळ्ळीला विमानतळ आहे ना? मी सांगितलं, विमान आकाशात असतं, रेल्वे जमिनीवर. तिने तेही लिहून घेतलं.

हुशार आहे. घडवावी लागेल.

२३ मे, शुक्रवार.
तिला घेऊन बसने देवनहळ्ळीला गेलो. मेहुणा, नागनाथ, नव्या लेआउटमध्ये राहतो. त्याच्या घरासमोर मागच्या वर्षापर्यंत द्राक्षबाग होती, आता तिथे प्लॉटचे दगड रोवलेत. बश्यांचा डबा त्याने वॉशिंग मशीनवर ठेवलेला होता. सांगत होता, सपाट जागा तेवढी एकच आहे भावजी, आणि तुम्हीच म्हणालात सपाट पाहिजे. किती वर्षं तिथे ठेवतोस, हे मी विचारलं नाही. डबा देवघराशेजारी हलवला.

परतीच्या बसमध्ये संहिताने विचारलं, मोजणीसाठी या बश्या यशवंतपूरला कशा येतात? म्हटलं, अशाच, बसने, मांडीवर. ती खिडकीबाहेर बघत राहिली. रस्ता खराब होता, हे खरं.

वॉशिंग मशीनचं नोंदवहीत घालण्याइतकं काही नाही.

३० मे, शुक्रवार. दुपारी ४.
पहिली मोजणी. यशवंतपूर, एका रोपामागे सरासरी ३१ उपमुळं. देवनहळ्ळी, २२. अकरा वर्षांत या आकड्याने मला कधी दगा दिलेला नाही.

संहितानेही त्याच बश्या मोजल्या. तिचं उत्तर: २६ आणि २६.

रागावलो नाही, संकल्प आहे. समजावलं की काही मुळं स्पष्ट असतात, काहींचा नुसता फुगवटा दिसतो. तो फुगवटा मूळ धरायचा की सोडायचा, हे भिंगाला कळत नाही, डोळ्याला कळतं. त्यासाठी डोळा तयार व्हावा लागतो. तिने विचारलं, तयार व्हायला किती दिवस लागतात. म्हटलं, मला अकरा वर्षं लागली.

४ जून, बुधवार.
संहिताची सूचना: बश्यांवरची लेबलं झाकून मोजू या. कुठली बशी कुठली हे मोजणाऱ्याला माहीत नसावं. कुठल्याशा कोर्समध्ये शिकवलंय म्हणे.

मी मोठ्या मनाने परवानगी दिली. तिला वाटलं असेल मी घाबरेन. लॅबमधला अटेंडर गुंडो याने सगळ्या लेबलांवर कागद चिकटवले आणि वर नुसते नंबर घातले. कागद जरा वाकडे बसले. म्हणाला, “स्वल्प अडजस्ट करा सर.”

६ जून, शुक्रवार.
झाकून मोजलं. कागद काढले. यशवंतपूर २६, देवनहळ्ळी २६.

कारणं उघड आहेत. ढगाळ हवा, भिंगाला उजेड कमी. सकाळची कॉफी झाली नव्हती. रुळांच्या कामासाठी मंगळवारी काही गाड्या रद्द होत्या, पेपरात आलंय. शिवाय गुंडोने नंबर घालताना घोळ केला असणार. गुंडोला तसं म्हटलं तर त्याने माझ्याशी बोलणंच बंद केलं. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्याने एक बाटली इकडची तिकडे केलेली नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण कुणीतरी घोळ केलाय.

१३ जून, शुक्रवार.
पुन्हा झाकून. ऊन स्वच्छ, कॉफी दोन कप, गाड्या वेळेवर. यशवंतपूर २५, देवनहळ्ळी २७.

म्हणजे फरक उलटा. यालाही अर्थ आहे. सतत हादरून मुळं दमत असावीत. हा स्वतंत्र पेपर होऊ शकतो.

हयवदनने कॉरिडॉरमध्ये विचारलं, गाडी किती लेट? मीही ऐकवलं, की तुझ्याकडे चार विद्यार्थी आले, त्यांतल्या एकाने तरी तुला कधी प्रश्न विचारला का?  घरी येईपर्यंत मला छान वाटत होतं. मग लक्षात आलं, मी संहिताची बाजू घेतली होती.

(संकल्प २ मोडला. नाव नवीन पानापासून काढणार नाही.)

१८ जून, बुधवार. सकाळी ११.
सिद्ध झालं.

काल संहिताने विचारलं, एकदा लेबलं उघडी ठेवून मोजाल का सर? पण लेबलं खरीच आहेत असं मी सांगणार नाही. म्हटलं, खुशाल. खरं काय ते डोळा सांगेल. आज मोजलं. यशवंतपूर ३०, देवनहळ्ळी २३. जुना फरक जसाच्या तसा. झाकल्यावर डोळा बुजतो, मोकळा ठेवला की बरोबर चालतो. माणसाचंही तसंच असतं.

राजाजीनगरहून मैसूरपाक मागवला. पूर्ण डिपार्टमेंटला वाटला, एका टेबलावर जरा जोरातच ठेवला.

त्याच दिवशी, दुपारी ३.
लेबलं उलटी होती. संहिताने स्वतःच येऊन सांगितलं. यशवंतपूर लिहिलेल्या सगळ्या बश्या देवनहळ्ळीच्या, आणि देवनहळ्ळी लिहिलेल्या इथल्या.

मी तिला म्हटलं, हा विश्वासघात आहे, सामान भर आणि साताऱ्याला जा. ती रडली नाही. रडली असती तर सोपं झालं असतं. वही छातीशी धरून उभी राहिली आणि म्हणाली, “सर, तुम्ही एकही आकडा खोटा लिहिला नाहीत. मी शेजारी बसून बघत होते. तुम्हाला खरंच तेवढी दिसत होती. म्हणूनच हे महत्त्वाचं आहे.”

मैसूरपाकाचा डबा हयवदनच्या टेबलावर अजून अर्धा होता.

२० जून, शुक्रवार.
लॅबमध्ये बोलणं बंद. तिचं काम चालू आहे, माझंही. काय काम ते विचारू नये.

स्मृतीला सगळं सांगितलं. बायको म्हणून तिने माझ्या बाजूने बोलावं अशी अपेक्षा होती. ती चटणी वाटता वाटता म्हणाली, “इडली मऊ आहे का असं विचारलं, तर तुम्ही आधी विचारता कुठल्या हॉटेलची. मग चावता.” मी म्हटलं, याचा इथे काही संबंध नाही. ती म्हणाली, सरी. आमच्या घरात सरी म्हटलं की बोलणं संपलं.

२६ जून, गुरुवार.
संहिताने पोस्टर तयार केलंय. ११ जुलैला अकादमीत सगळ्या फेलोंची पोस्टरं लागतात. विषय बदललाय. आता विषय हा, की लेबल दिसल्यावर मोजणारा कसा बदलतो. अवरे फक्त निमित्त. खाली मेंटॉरच्या सहीची जागा.

सही करणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. सही केली तर अकरा वर्षं मी स्वतःच्या हाताने पुसली असं होतं. ती ठीक आहे सर म्हणाली आणि कागद टेबलावर ठेवून गेली. सहीविना पोस्टर लागत नाही आणि प्रमाणपत्रही मिळत नाही, हे तिने सांगितलं नाही. ते गुंडोने सांगितलं. माझ्याशी तीन आठवड्यांनी बोललेलं त्याचं पहिलं वाक्य.

मी झुकणाऱ्यांतला नाही.

२९ जून, रविवार.
कॉलेज बंद. स्मृतीला घेऊन लॅबमध्ये गेलो. तिला ना विज्ञानात रस ना हयवदनमध्ये, म्हणजे निःपक्ष. तिने लेबलं झाकली, बश्या हव्या तशा फिरवल्या. संहिता नाही, गुंडो नाही, कुणाचा डाव नाही. मी आणि माझा डोळा.

फरक नाही.

पुन्हा मोजलं. एका बशीत एक फुगवटा होता. मूळ धरावा की सोडावा, कळेना. स्मृतीला विचारलं, ही कुठली बशी? तिने सांगितलं नाही. भिंग धरून मी किती वेळ तसाच बसलो ते माहीत नाही. मला तो फुगवटा खरंच कळत नव्हता. आजवर मला प्रत्येक फुगवटा कळत आलाय.

फरक नाही.

खूप वाईट वाटलं. लपवून काय उपयोग, ही वही कुणी वाचणार नाही. बाहेर एक मालगाडी गेली, खिडकी हलली, बश्या मात्र होत्या तशाच. सही केली. पेन बरं चालत नव्हतं, म्हणून दोनदा.

११ जुलै, शुक्रवार. संध्याकाळी ६.
पोस्टर लागलं. त्यावर दोन मोजणारे. निरीक्षक अ, अनुभव अकरा वर्षं. निरीक्षक ब, अनुभव अकरा दिवस. झाकलेल्या बश्यांत दोघांचे आकडे सारखे. उघड्या बश्यांत अ चा खांब उंच उडालेला, लेबलाच्या दिशेने.

इतर पोस्टरांपुढे दोन दोन माणसं, इथे पंधरा. परीक्षक बाईंनी विचारलं, निरीक्षक अ कोण? संहिता म्हणाली, नाव सांगायचं नाही असं मी ठरवलंय. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. हयवदन शेजारच्या पोस्टरापाशी उभा होता आणि छताकडे बघत होता.

मी हात वर केला. म्हटलं, “मी. आणि आकडे बरोबर आहेत, मी स्वतः तपासलेत.”

 हयवदनची मान छतावरून खाली आली, पण तोही हसला नाही. संहिताला पहिलं बक्षीस. तिने वाकून नमस्कार केला, तेव्हा मी चष्मा पुसत होतो.

नंतर परीक्षक बाई मुद्दाम शोधत आल्या. काम पुढे न्यायचंय, पुढच्या उन्हाळ्यात अकादमी दोन विद्यार्थी पाठवेल. मी म्हटलं, दोघांना घडवीन. त्या म्हणाल्या, मेंटॉर म्हणून हयवदन रावांशी बोलणं झालंय. तुम्ही निरीक्षक अ म्हणून हवे आहात.

मी ताठ उभा राहिलो. सांगितलं, येईन, पण अट आहे. यापुढे मी फक्त लेबलं झाकून मोजणार.

त्या जरा अवघडल्या. म्हणाल्या, “मग सर, तुमचा उपयोग नाही होणार.”