चूप म्हणजे तयार

१२ ऑक्टोबर, दसरा

दुकानात जॅक, पाने, अलाइनमेंटची मशीन, सगळ्यांना हळद-कुंकू लावलं. घरातही एखादं शस्त्र हवं म्हणून कपाटातलं एअर पिस्तूल काढलं. पोरीचं, आचलचं. तिच्या कॉलेजच्या ओढणीत गुंडाळलेलं होतं. बायको कुंदा म्हणाली, ते काऊन काढले जी? मी म्हटलं, शस्त्र आहे, पूजा नको का? तिने ओढणीची घडी करून परत कपाटात ठेवली.

नळीला गंज धरतो आहे. दोन वर्षं नुसतं पडून. चांगली वस्तू वाया जाऊ देणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून उद्यापासून मीच चालवणार. वय चोपन्न. नजर शाबूत, चष्मा फक्त वाचायला. शिवाय तीस वर्षं ट्रकच्या चाकांचं अलाइनमेंट करतो. परसराम कापगतेच्या हाताखालून गेलेला ट्रक सडक अर्जुनीहून रायपूरपर्यंत नाकासमोर जातो. नेम म्हणजे दुसरं काय असतं.

ही वही फक्त नेमबाजीसाठी. बाकीचे विषय यात येणार नाहीत.

१३ ऑक्टोबर

पहाटे साडेपाचला सराव ठरला होता. पावणेआठला उठलो. सणाचा थकवा.

संध्याकाळी दुकानामागे ऑइलचा डबा ठेवला, दहा पावलांवर. दहा छर्रे. डब्याला शून्य, शेजारच्या ढाब्याच्या पाण्याच्या टाकीला एक. हायवेवरून ट्रक गेला की वाऱ्याचा झोत येतो, त्याचा परिणाम. ढाबेवाला उमेंद्र जुना मित्र आहे. म्हणाला, काजी परसरामभाऊ, टाकीनं तुमचं काय बिघडवलं?

१७ ऑक्टोबर

निवडणूक लागली. आचारसंहितेत शस्त्रं ठाण्यात जमा करायची असतात. कोणी सांगायची वाट न बघता पिस्तूल डब्यात घालून गेलो. हवालदाराने डबा उघडला, शेजारच्याला दाखवला, त्याने आणखी दोघांना बोलावलं. म्हणे, याले लायसन लागत नाई जी, घेऊन जा घरी. लेकराचं आहे का?

मी म्हटलं, हो, लेकराचं आहे.

घरी येताना नेहमीचं वळण चुकलं. ऑक्टोबरचं ऊन वाईट.

२ नोव्हेंबर

सराव: चार दिवस बंद. कारण: दिवाळी.

मात्र अभ्यास चालू. मोबाइलवर एक अमेरिकन माणूस आपल्या गॅरेजमध्ये बसून झडलेली काडतुसं पुन्हा भरतो. हँडल ओढलं की एक तयार. म्हणजे आपलं रिमोल्ड टायरच. जुना सांगाडा, नवा माल. तो म्हणतो, खरा नेमबाज बाजारची गोळी वापरत नाही. माझे छर्रे डब्याला का लागत नाहीत याचा उलगडा झाला. ते बाजारचे आहेत.

५ नोव्हेंबर

गोंदियाला जाऊन आलो. बंदुकीच्या दुकानात दुर्गाप्रसादजींना विचारलं, तसली मशीन मिळेल का? त्यांनी आधी दुकानाबाहेर बघितलं. मग म्हणाले, भाईसाब, घर में बारूद का नाम भी मत लेना. और आपकी तो हवा की पिस्तौल है, इसमें भरोगे क्या? मी म्हटलं, तत्त्व म्हणून विचारलं. त्यांनी छर्ऱ्यांचे दोन डबे दिले आणि सांगितलं, मोठे खेळाडू छर्रे निवडून घेतात. वजनावर. वाकडा, हलका बाजूला.

हे मला आधीच वाटत होतं.

९ नोव्हेंबर

सोनाराकडून जुना काटा आणला. ओसरीत बसून एकेक छर्रा तोलला. दीड तासात चाळीस. कुंदा शेजारी सुपात तांदूळ निवडत होती. तिने माझ्या ताटलीतले मूठभर छर्रे सुपात घेतले, दोनदा पाखडले, बोट फिरवून सात बाजूला काढले. म्हणाली, हे चेपलेले आहेत. काट्यावर ठेवले तर सातही हलके निघाले.

योगायोग असणार. पण पुढचे दोन्ही डबे तिच्याकडेच दिले. माझा वेळ सरावासाठी वाचतो.

१४ नोव्हेंबर

उमेंद्रने मोबाइलवर जाहिरात पाठवली. नागपूरच्या एका क्लबची मॅच, १२ जानेवारी, रविवार. साधी नाही, 'प्रॅक्टिकल'. पुतळ्यासारखं उभं राहून नेम धरायचा नाही. पाच लोखंडी पत्रे उभे असतात. एक छर्रा भरा, मारा, पुढच्या चौकोनात जा, परत भरा, परत मारा. पाचही पत्रे पडेपर्यंत घड्याळ चालू. नवशिक्यांसाठी एअर पिस्तूलचा वेगळा गट. मेडल आहे.

खाली पंचांची नावं बारीक अक्षरात आहेत. चष्मा जवळ नव्हता, वाचली नाहीत.

नाव नोंदवलं.

१५ नोव्हेंबर

तिसऱ्या ओळीत आहे. रेंज ऑफिसर, आचल प. कापगते.

योगायोग.

आता विषय निघालाच आहे तर लिहून टाकतो, म्हणजे परत काढायला नको. आचल दोन वर्षांपासून नागपूरला असते. तिथे मुलांना नेमबाजी शिकवते. दुपारी दोनला आईला फोन करते, मी दुकानात असतो तेव्हा. मी फोन केला तर ती उचलत नाही. म्हणजे मी केलेला नाही. पण उचलणार नाही हे मला माहीत आहे.

२४ नोव्हेंबर

मॅचचे नियम आले. रेंज ऑफिसर इंग्रजीत ठरलेली वाक्यं म्हणतो, बाकी कोणी बोलायचं नाही. मेक रेडी, म्हणजे छर्रा भरा. मग, आर यू रेडी? तयार नसाल तर नॉट रेडी म्हणायचं. काहीच बोलला नाहीत तर तयार आहात असं धरतात. मग स्टँड बाय, शिट्टी, घड्याळ सुरू.

हा कुठला नियम? माणूस चूप आहे म्हणजे तयार आहे? घाबरलेला असेल. शब्द सुचत नसेल. चारचौघांत तोंड उघडायची लाज वाटत असेल. ज्याने हा नियम केला त्याला माणसं कळत नाहीत. कुंदाला वाचून दाखवलं आणि हेच सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं. म्हणाली, मंग पोरीच्या टाइमाले काय झालं होतं जी?

तो प्रकार वेगळा होता. साकोलीचे पाहुणे बसले होते, मुलगा चांगला, सरकारी नोकरीवाला. मी आतल्या खोलीत गेलो, आचलला विचारलं. ती खाली मान घालून चूप राहिली. आपल्याकडे मुलगी चूप राहिली की हो असतं, सगळ्यांच्याच घरी असतं. बाहेर येऊन शब्द दिला. साक्षगंधाच्या दोन दिवस आधी ती एक बॅग घेऊन सकाळच्या बसने गेली. पिस्तूल ठेवून गेली.

चार लोकांत मान खाली गेली, ती माझी. हे कोणी विचारत नाही.

सराव: नाही.

८ डिसेंबर

भरघोस प्रगती. पाच पत्रे ५२ सेकंदांत. दोन मी पाडले, दोन मागून आलेल्या वाऱ्याने, एक उमेंद्रच्या कुत्र्याने. तरी वेळ ही वेळ आहे.

चांभाराकडून कमरेला अडकवायचं चामडी पाकीट शिवून घेतलं. क्लबला फोन केला तर ते म्हणाले, तुमच्या गटात पिस्तूल कमरेला लावायचं नसतं, टेबलावर ठेवायचं असतं. पाकिटात आता टायरची हवा मोजायचा गेज बसतो. बरोबर बसतो.

१९ डिसेंबर

थंडी. बोटं आखडतात, छर्रा नळीत जाण्याऐवजी मातीत जातो. उजवा हात जरा हलतो. नट आवळून आवळून झालं असणार.

आचलच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला. थंडीत पंखा कायले, असं कुंदा म्हणाली. मी म्हटलं, मेकॅनिक रिकामा होता.

२८ डिसेंबर

योजना पक्की. मेडल मिळालं की पंचांना हात मिळवावाच लागतो. तेव्हा म्हणायचं, चल घरी. एवढंच. लांबण लावायची नाही. मी मागचं काही काढणार नाही, तिनेही काढू नये. आरशासमोर वीस वेळा म्हणून बघितलं. पंधराव्या वेळी आवाज फुटला, बाकी ठीक.

कुंदा दारात उभी होती. म्हणाली, त्यासाठी बंदूक कायले लागते जी? फोन लावा ना सरळ. मी सांगितलं, स्पर्धेची शिस्त वेगळी असते.

११ जानेवारी

छर्रे: दोनशे, कुंदाने निवडलेले, कापसात. पिस्तूल: तेल घालून, पुसून. कुंदाने संक्रांतीचे तिळाचे लाडू डब्यात दिले. म्हणाली, मेडल-बिडल राहू द्या. तुमी बोलू नका तिथं. ती काय म्हणते ते आयकून या.

ऐकायला ती बोलली पाहिजे ना.

१२ जानेवारी, सकाळी सव्वासात, बसमध्ये

साकोली आलं. खिडकी सोडून दुसरीकडे बघितलं.

आत्मविश्वास पूर्ण. छर्ऱ्यांचा डबा तीनदा उघडून बघितला.

१३ जानेवारी

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो.

माझा नंबर सतरावा. टेबलापाशी तीच उभी होती. टोपी, लाल टी-शर्ट, हातात घड्याळ आणि कागद. बारीक झाली आहे. केस कापले आहेत. कागदावरून वाचलं, कापगते पी. मी हात वर केला. तिने एकदा बघितलं. कोणीही कोणाकडे बघेल तसं.

मेक रेडी, म्हणाली. छर्रा बोटांतून पडला. दुसरा घेतला, तोही पडला. आर यू रेडी? मी म्हटलं, नॉट रेडी. ती म्हणाली, टेक युवर टाइम. तिसरा छर्रा कसाबसा गेला.

आर यू रेडी? माझा हात इतका हलत होता की नळीच्या टोकावर पाचही पत्रे एकामागून एक येऊन जात होते. नॉट रेडी. मागचे लोक कुजबुजायला लागले. तिने नुसती मान वळवली, ते चूप झाले.

आर यू रेडी?

या वेळी मला काही बोलताच आलं नाही. नॉट रेडीसुद्धा नाही. इतकी वर्षं तोंडाने धंदा केला, ड्रायव्हरांना शिव्या दिल्या, आणि दोन शब्द निघेनात. नियमाप्रमाणे तिने स्टँड बाय म्हणायचं होतं. मी चूप होतो. चूप म्हणजे तयार.

ती म्हणाली नाही. घड्याळ खाली केलं, एक पाऊल पुढे आली आणि हळू, मराठीत विचारलं, तुम्ही तयार आहात का? नसाल तर तसं सांगा. चालते.

बाबा म्हणाली नाही. मला वाटलं होतं म्हणेल.

मी नाही अशी मान हलवली. तिने छर्रा काढायला सांगितला, नळी रिकामी आहे हे वाकून बघितलं, कागदावर पाच वेळा शून्य लिहिलं आणि सहीसाठी पेन दिलं. सही वाकडी आली. चल घरी म्हणायचं होतं. म्हटलं, जेवलीस का? ती म्हणाली, हो. लाडवाचा डबा पुढे केला. म्हणाली, टेबलावर ठेवा. मग अठरावा नंबर पुकारला.

परतीच्या बसमध्ये कानांत बोळे घातल्यासारखं होतं. घरी येऊन कुंदाला सांगितलं, वारा फार होता. ती म्हणाली, बंद हॉलमधी? मी म्हटलं, हो.

१६ जानेवारी

दुपारी जेवायला घरी आलो होतो. दोनला फोन आला. मी ओसरीत थांबलो.

कुंदाने नंतर सांगितलं ते असं. आचल म्हणे, बाबाचे हात काऊन हालून राहिले होते? डॉक्टरले दाखवा. लाडू खाल्ले, तीळ जरा जास्त भाजले होते. तिच्याकडे देवरीची एक मुलगी शिकायला येते, तिच्याजवळ पिस्तूल नाही, तर घरचं असेल ते पाठवून द्या, कोणाच्या तरी कामी येईल.

कुंदाने विचारलं म्हणे, येशील का बाई एखाद दिवस घरी?

मग? मी विचारलं.

मंग काय, चूप राहिली.

चूप राहिली म्हणजे? हो म्हणायचं का?

कुंदा म्हणाली, चूप राहिली म्हणजे चूप राहिली जी.

१७ जानेवारी

पिस्तूल बांधलं. कपाटातल्या त्याच ओढणीत. निवडलेल्या छर्ऱ्यांचा डबा सोबत ठेवला, एकशे सत्त्याण्णव आहेत. उमेंद्रच्या ओळखीचा ड्रायव्हर उद्या नागपूरला नेऊन देईल. चिठ्ठी लिहायला बसलो होतो. चार कागद गेले. शेवटी न लिहिताच दोरी आवळली.

वही बंद करण्याआधी एक दुरुस्ती. २४ नोव्हेंबरला लिहिलं आहे की मी आतल्या खोलीत जाऊन आचलला विचारलं आणि ती चूप राहिली. तसं झालं नव्हतं. मी बैठकीतून उठलोच नाही. खुर्चीवर बसल्या बसल्या साकोलीच्या लोकांना म्हटलं, आमची पोरगी चूप आहे म्हणजे हो आहे.

ती तेव्हा आत चहा गाळत होती. मी तिला विचारलंच नव्हतं. तिने मला मॅचच्या दिवशी चार वेळा विचारलं.