चित्र आधी, आवाज मग

३ फेब्रुवारी, सोमवार

आईचा पाय काळा पडलाय. दादा फोनवर एवढंच बोलला. मग वहिनीने फोन घेतला. वहिनी आडपडदा ठेवत नाही. "भावजी, साखरेने झालंय. बोटं गेली, आता वर चढतंय. डॉक्टरीणबाई गुडघ्याखाली कापायचं म्हणतात. लवकर."

मग कापू द्या ना, मी म्हटलं.

"त्या म्हणतात, आई शुद्धीत आहेत, पाय त्यांचा आहे. त्यांना नीट कळून त्या हो म्हणाल्या तरच. आणि आई काय, काही विचारलं की मान हलवतात. जेवलात का — मान. जेवला नाहीत का — तरी मान."

खरंय. पांढरा कोट दिसला की आई मान हलवते. भीतीने. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. लिहिणं-वाचणं नाही. बहिऱ्यांच्या शाळेतली हातांची भाषा असते म्हणे, ती तिला कुणी शिकवलीच नाही. तिची स्वतःची आहे, आमच्या स्वयंपाकघरात तयार झालेली. ती बाबांना यायची. बाबा गेले. आता मला येते. दादा शाळेसाठी मामाकडे वाढला, त्याला जेमतेम. वहिनीला भूक, तहान, दुखतंय — एवढंच.

मी पाचवीत शाळा सोडली ती यासाठीच. आईबरोबर दुकानात, कचेरीत, दवाखान्यात कुणीतरी तोंड म्हणून लागायचं.

आता तोंड इथे आणि आई तिथे.

४ फेब्रुवारी

खोलीवरून व्हिडिओ लावला. इथलं नेट म्हणजे आनंदच. चेहरा दिसतो, थांबला की. हात हलले की नुसता धूर. आई बोलत होती, भरभर, आणि मला पाच मिनिटांत एक शब्द कळला नाही. तिला वाटलं मी मुद्दाम बघत नाहीये. चिडली. ते मात्र कळलं.

सुट्टीचं विचारलं. मुकादम म्हणाला, "अर्ज टाक. दोन आठवड्यांत बघतो." पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. पाय दोन आठवडे थांबत नाही म्हणालो. "मग पायाला सांग," म्हणाला. हसला नाही. थकलेला माणूस आहे, वाईट नाही. पण आज त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

६ फेब्रुवारी

आमचं काम — ऑफिसात टेबलाटेबलावर डब्या लावायच्या. संगणक नाहीत, डब्या. पुस्तकाएवढ्या. आत काही नाही. खरा संगणक दुसऱ्या शहरात एका थंड खोलीत, कपाटात. डबी फक्त तिथलं चित्र इथे दाखवते. स्वस्त, चोरून नेली तरी उपयोग नाही. टायपिंगला झकास. पण व्हिडिओवर मीटिंग लावली की साहेबलोकांची थोबाडं गोठतात. तोंड उघडं ते उघडंच. गेला महिना तीच बोंब. त्यासाठी इंजिनियर आलाय. तो सांगतो, मी केबल ओढतो.

आज जेवणाच्या सुट्टीत त्याने समजावलं. समोरच्याचं चित्र आधी त्या लांबच्या कपाटात जातं. तिथे उघडतं. मग त्याची पुन्हा मोळी बांधून डबीकडे पाठवतात. आपला कॅमेराही तसाच, उलट वाटेने. "द्राविडी प्राणायाम," म्हणाला. "वाटेत जागा कमी पडली की आवाज वाचवायचा, चित्र सोडायचं. तसंच ठरवून ठेवलंय. बरोबरच आहे. मीटिंगमध्ये थोबाड कुणाला बघायचंय?"

मी म्हटलं, मला बघायचंय. हात.

मग सगळं सांगितलं. तो डबा बंद करून ऐकत होता.

७ फेब्रुवारी

इंजिनियरने कोपऱ्यातली छोटी मीटिंगची खोली मिळवली. डॉक्टरीणबाई सकाळी दहाला वॉर्डात येतात. तेव्हा आमची ड्युटी, फोन गेटवर जमा. त्यामुळे ही डबीच. मी नवी केबल सरळ खोलीत आणली, हवेतलं नेट नकोच. मागचा पडदा धूसर करायची सोय असते, ती त्याने बंद केली. फुकटची ताकद खाते म्हणे.

लागलं. आई दिसली! खोलीवरून दिसली होती त्यापेक्षा पुष्कळ स्पष्ट. उशीला टेकलेली, केस विंचरलेले, वहिनीने केले असणार. मला बघून तिने कान ओढला. कान म्हणजे मी. लहानपणी माझा फार ओढला जायचा.

आणि मी गाढव. हात नीट दिसावेत म्हणून तिचं चित्र पूर्ण पडद्यावर मोठं केलं. झालं. गोठली. कान ओढलेला तसाच. इंजिनियर धावत आला, "अरे मोठं कशाला केलंस, मोठ्या चित्राला वाट जास्त लागते!" लहान केलं तोवर हप्त्याहप्त्याने यायला लागली. एक हात वर. मग एकदम खाली. मधलं गेलं. आणि आईचं सगळं बोलणं मधल्यातच असतं. तळवा फिरवणं, मनगट वळवणं. हात कुठे पोचला त्यावरून काय कळणार?

डॉक्टरीणबाईंचा आवाज मात्र स्वच्छ. "काय म्हणतायत त्या?"

कळत नाही, म्हणालो.

"मग मला करता येणार नाही. आणि जास्त थांबताही येणार नाही. ताप चढतोय. मंगळवारी शेवटचं बघू."

९ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन. "तू सांग ना त्यांना, आई हो म्हणते म्हणून. कुणाला कळणार आहे?"

मी म्हटलं, तिला कळेल.

"जिवंत राहिली तर कळेल ना."

दादा रडत होता बहुतेक. मग म्हणाला, "तू म्हणशील ते. तुझीच आई आहे ती. मी काय, पाहुणा होतो." असं कशाला बोलायचं.

शेजारच्या खाटेवरचा वेल्डर म्हणाला, "माझी आई ऐकते, बोलते, सगळं करते. तरी मला तिचं कधी कळलं नाही. तू नशीबवान." त्याला हसवायचं होतं. हसलो.

१० फेब्रुवारी

इंजिनियरने वरून परवानगी काढली. एका डबीपुरती, चाचणी म्हणून. आता चित्र लांबच्या कपाटात जाणारच नाही. आपलं ओझं आपणच उचलायचं — चित्र सरळ डबीत येणार, डबीच उघडणार. जुन्या डबीला ते झेपत नाही, म्हणून गोदामातून नवी आणली. मी आणली. छातीशी धरून, बाळासारखी. मुकादमाने बघितलं, वाटेतून बाजूला झाला.

मग इंजिनियरने उलटं केलं सगळं. "लोकांना चेहरा स्पष्ट हवा असतो. तुला नको. तुला पळतं चित्र हवं. म्हणून लहान ठेवू, थोडं भुरकट चालेल, पण तुटायला नको. आणि चित्र आधी, आवाज मग. पहिल्यांदाच करतोय असं."

चाचणीला तो स्वतः पलीकडच्या खोलीत जाऊन हातवारे करत बसला. काय वेडे चाळे करत होता! पण एकेक बोट दिसत होतं. पाणी प्यावं तसं सलग.

जाताना म्हणाला, "उद्या मी खोलीत थांबणार नाही. दाराबाहेर असेन."

११ फेब्रुवारी, मंगळवार

चित्र लागलं. एकदाही तुटलं नाही.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं — आई हो म्हणते.

१२ फेब्रुवारी

सकाळी नेलं, दुपारी आणलं. दादाचा मेसेज, "झालं. सुखरूप." वेल्डरने सगळ्या खोलीला चहा पाजला. मुकादमाने पाठीवर हात ठेवला. इंजिनियर म्हणाला, तुझ्या आईमुळे परवानगी पक्की झाली, आता सगळ्या मजल्यावर हीच पद्धत लावणार. साहेबलोकांची थोबाडं पण पळतील.

सगळे खूश.

१४ फेब्रुवारी

जेवण जात नाही. मंगळवारी लिहिलं नाही ते लिहितो. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, आणि सांगितलं तरी कुणाला पटवून देणार, ती भाषा कुणालाच येत नाही.

मी आधी विचारलं. पाय, आणि हाताच्या कडेने काप. नाही कापलं तर — मूठ हळूहळू मिटत नेली. बाबा गेले तेव्हा तिनेच केली होती ती खूण.

आई शांतपणे बघत होती. सगळं कळलं तिला, एका झटक्यात. मला वाटतं आधीच कळलं होतं, फक्त विचारलं कुणी नव्हतं.

मग बोलली. घाई नाही. पायावर हात ठेवला, कडेने कापायची खूण केली आणि तळवा पुसला. पाटीवरचं पुसावं तसा. नाही. मग मिशीला पीळ दिला. बाबा. स्वतःकडे बोट, मिशीकडे बोट. मग मूठ मिटली, सावकाश, जसं काही त्यात पाखरू आहे. मग घराची खूण. दवाखाना नको, घरी ने. मग कान ओढला, हात लांब फेकला आणि परत आणला. तू ये. जमलं तर.

आणि पुन्हा एकदा तळवा पुसला, मला नीट दिसावा म्हणून कॅमेऱ्याजवळ धरून. एवढं स्पष्ट मी तिला समोर असतानाही कधी बघितलं नसेल.

"काय म्हणतायत?" डॉक्टरीणबाई.

मी इकडे तोंडाने म्हणालो, हो म्हणतात. करा.

"नक्की? त्यांना पूर्ण कळलंय?"

पूर्ण कळलंय, म्हणालो. ते तर खरं होतं.

बाईंनी आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली. आईने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं मी सांगितलं. तिला वाटलं बाईंनी ऐकलं. छाती एकदम हलकी झाली तिची, दिसलं मला. हसली. ते हसूसुद्धा कुठे तुटलं नाही.

मी मूठ मिटण्याची खूण बघत होतो आणि डोक्यात एकच — मला न भेटता नाही. मी पोचेपर्यंत नाही. तिच्यासाठी काही नव्हतं त्यात. माझ्यासाठी होतं.

दाराबाहेर इंजिनियर. "दिसलं ना नीट?"

सगळं दिसलं, म्हणालो.

१६ फेब्रुवारी

सुट्टी नामंजूर. ऑपरेशन यशस्वी झालं आहे, त्यामुळे तातडी नाही, असं लिहून आलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आई बसायला लागलीय. दहाला त्याच खोलीतून लावलं. चित्र काचेसारखं. आईचे दोन्ही हात चादरीखाली होते. दादाने दोनदा चादर बाजूला केली. तिने माझ्याकडे बघत बघतच ती पुन्हा ओढून घेतली.