‘खेकड्याची वरात’ निलमच्या हवाली

मी, दौलत हरिश्चंद्र चुरी, वय वर्षे शहात्तर, धंदा लेखन, राहणार डहाणू, पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. आयुष्यभर व्यासपीठावरून दडपण आणलं ते मीच. मुलांची एकतीस पुस्तकं, नऊ नाटकं आणि मोठ्यांसाठी दोन कादंबऱ्या ही माझी कमाई. तिची आणि घरादाराची व्यवस्था माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावी. आधीचं एखादं मृत्युपत्र कुठे सापडलं तर ते रद्द समजावं.

१. राहतं घर आणि मागची चिकूची वाडी माझी मुलगी सोनल हिला. ती वापीला असते, तेव्हा वाडी कुणाला कसायला द्यायची तर खुशाल द्यावी. मात्र विहिरीजवळ शाळेची पोरं चिकू खाताना दिसली तर हाकलू नये. माझे निम्मे वाचक मला तिथेच सापडले.

२. बँकेतली शिल्लक सोनल आणि पुतण्या रूपेश यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. रूपेश, तू माझं एकही पुस्तक वाचलेलं नाहीस हे मला ठाऊक आहे. पण प्रत्येक प्रकाशनाला खुर्च्या तूच मांडल्यास आणि उचलल्यासही.

३. कपाटातली मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी पुस्तकं गावच्या वाचनालयाला. कुलपात ठेवणार असतील तर देऊ नयेत.

४. माझ्या कादंबऱ्यांच्या न खपलेल्या सगळ्या प्रती एका समीक्षकाला पोचवाव्यात. पत्ता सोनलकडे आहे. त्यांनी लिहिलं होतं, “चुरी बालसाहित्यिक असूनही बरं गद्य लिहितात.” त्या ‘असूनही’चा राग मी एकोणीस वर्षं जपला. मुलांसाठी लिहिणं म्हणजे मोठ्यांसाठी लिहिण्याची तालीम नव्हे, हे मी आयुष्यभर ओरडून सांगितलं आणि आता कायदेशीर कागदावरही सांगतो. माझ्या एका पुस्तकात चिकूच्या झाडाला सफरचंदं लटकावणाऱ्या चित्रकाराला मात्र माफी. त्याने झाड पाहिलंच नव्हतं. त्याला हंगामात एक करंडी चिकू पाठवावेत.

५. एकतीस पुस्तकांचे हक्क सोनलला. अट एकच, गोष्टीच्या शेवटी तात्पर्य छापायचं नाही. प्रकाशक म्हणतील, पालकांना हवं असतं. पालकांना हवं असेल तर त्यांनी आपलं आपण लिहून घ्यावं.

६. नऊही नाटकांचे हक्क निलम वरठा हिला. ती उधव्याजवळच्या एका आश्रमशाळेत शिक्षिका आहे. ती नात्यातली नाही, म्हणून कारण लिहून ठेवतो. नाहीतर रूपेश वकिलाकडे धावेल.

बावीस वर्षांपूर्वी त्याच शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी प्रमुख पाहुणा होतो. मुलं माझंच ‘खेकड्याची वरात’ करणार होती. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे आधी दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग पाहुण्यांचं मार्गदर्शन आणि सगळ्यात शेवटी मुलं. माझा विषय होता ‘मुलांना बोलू द्या’. त्यावर मी पावणेदोन तास बोललो. टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ मिळालं. तेवढ्यात पालकांची शेवटची एसटी सुटायची वेळ झाली आणि नाटक रद्द झालं. जेवणाच्या रांगेत पुठ्ठ्याच्या नांग्या लावलेली एक मुलगी उभी होती. तिची पाठ थोपटून मी निघालो.

घरी चंद्रिकाने, माझ्या दिवंगत बायकोने, विचारलं, “कसं झालं नाटक?”

“भाषण उत्तम झालं.”

“अहो, मी नाटकाचं विचारलं.”

ती मुलगी म्हणजे निलम. आमच्या आणि शेजारच्या तालुक्यात मुलांची नाटकं नेटाने बसवणारी आज ती एकटीच आहे. गेल्या दिवाळीनंतर मी माझी नाटकं घेऊन तिच्याकडे गेलो. तिने घेतली नाहीत तर ती ट्रंकेत वाळवीच्या तोंडी जाणार, हे मला दिसत होतं.

“नको सर,” ती म्हणाली.

“का गं?”

“तुमचं ते भाषण मला अजून आठवतं. माझं एकच वाक्य होतं नाटकात. ते राहिलं.”

“अगं, मी तुमच्यासाठीच बोलत होतो!”

“हो ना. आमच्यासाठी बोललात. आमच्या वेळात.”

मी नाटकांचा गठ्ठा परत पिशवीत भरू लागलो.

मग तिनेच अट घातली. “यंदा ‘खेकड्याची वरात’ बसवते. बघायला या. पाहुणे म्हणून नाही, सतरंजीवर बसायचं. एक शब्द बोलायचा नाही. मग बघू.”

गेल्या महिन्यात गेलो. मुलांनी दुसरा अंक सरळ त्यांच्या वारली बोलीत केला. माझा नवरदेव खेकडा लग्नाला नकार देतो. त्यांच्या खेकड्याने अख्ख्या वऱ्हाडाला आडवं चालायला लावलं. पाड्यावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. दोन जागी मला विनोद कळला नाही. शेजारच्या पोरीला विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, “सर, दोन शब्द?” मी मानेनेच नाही म्हटलं. चार मुद्दे ओठांवर आले होते, ते गिळले.

निलम जवळ आली. “घेते नाटकं. पण पोरं शब्द बदलणार. चालेल?”

मला चालत नव्हतं. एक वाक्य गाळलं म्हणून मी पूर्वी एका दिग्दर्शकाचा प्रयोग बंद पाडला आहे. ‘कळवतो’ म्हणून घरी आलो आणि या कलमाच्या आरंभी लिहिलं, ‘संहितेतील एकही शब्द बदलू नये.’ तीन आठवडे ते वाक्य तसंच होतं. काल मी ते खोडलं. शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने. निलमला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “सर, मग मी घेतली.”

मृत्युपत्राची अंमलबजावणी सोनलने करावी. मजकूर पुन्हा वाचला, तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांदेखत मी सही केली आणि त्यांनी माझ्यादेखत.

ठिकाण : डहाणू
दिनांक : ८ मार्च २०२६

(सही) दौलत हरिश्चंद्र चुरी

साक्षीदार :
१. (सही) लाहू सुक्या हाडळ, राहणार सायवन
२. (सही) गोदूबाई रामचंद्र राऊत, राहणार डहाणू

खोडाखोड : एका ठिकाणी, कलम ६, एक वाक्य. मान्य. (सही) दौ. ह. चुरी