तिसरं कडवं

३ सप्टेंबर
डॉक्टरबाईनं बोलायची मनाई केली. पंधरा दिवस. कुजबुजायचं पण नाई, त्यानं म्हणे जास्त जोर पडते. म्हणून ही वही. प्रज्ञानं आणून दिली. पोरगी शाळेत शिकवते, तिले वाटते वहीनं सगळं होते. म्हणे, आई, जे बोलायचं ते इच्यात बोल.
पस्तीस वर्षं गायली मी. दोनशेच्या वर गाणी रचली, कागदावर एक नाई. भांडे घासता घासता सुचायचं, मग देवीदासभाऊले आयकवायची, ते पेटीवर सूर धरायचे, झालं गाणं. लिहायचं काम कधी पडलंच नाई.
एप्रिलपासून आवाज बसला होता. कार्यक्रमांचा महिना, बसतेच दरवर्षी. या वर्षी उठला नाई.

६ सप्टेंबर
मी चूप, तर हे मोठ्यानं बोलून राहिले. जसं मी बहिरी झाली. "चहाआआ ठेवू का?" साऱ्या चाळीनं आयकलं. बिचारे इथं वाडीतच गोदामाच्या गेटवर बसतात, दिवसभर ट्रकांच्या आवाजावर ओरडायची सवय.
मनात एक नवी ओळ आली. तोंडात घोळवाले गेली आन् ओठ दाबून धरले. ओळ गेली. परत आलीच नाई.

११ सप्टेंबर
शेजारची सुशीला मोबाईल घेऊन आली. "पाय वं कुंदाबाई, तुह्यासारखंच गाणं आहे." माह्यासारखं नाई, माहंच आहे. 'काळा दगड येचे माय'. कोणी कोमल नावाची पोरगी गाऊन राहिली, बावीस-तेवीसची. गळा चांगला आहे, खोटं काहून लिहू. खाली लिहिलं होतं, पारंपरिक लोकगीत. लाखानं लोकायनं पाह्यलं म्हणते सुशीला.
मी ते गाणं आई गेली त्या वर्षी रचलं. आई खाप्याजवळच्या मँगनीजच्या खाणीवर दगड वेचे.
काळा दगड येचे माय, उजेड कोनाच्या घरी?
पाटीखाली मान वाकली, नजर नाई खाली तरी.
पोरीनं दोनच कडवे गायले. तिसरं नाई. तिसऱ्यात आईचं नाव आहे.
दिवसातून पाच-सहा वेळा आयकलं. पेटीवाला दिसत नाई, पण दुसऱ्या कडव्याच्या आधी पेटी जशी थोडी मागं सरकून उडी घेते, तशी उडी साऱ्या नागपुरात एकच माणूस घेते.

१२ सप्टेंबर
यायले आयकवलं. पाटीवर लिहून दाखवलं, देवीदासभाऊ. हे म्हणाले, "दुसरा कोनी असंन. भाऊ असं नाई करत." मग बराच वेळ चपलीचा अंगठा शिवत बसले. शिवाले काही नव्हतं त्या चपलेत.

१६ सप्टेंबर
रिपोर्ट आला. कॅन्सर.
डॉक्टरबाई पोरीच्याच वयाची. कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. यायनं विचारलं, "शेकून नाई जमत का?" ती म्हणाली, गाठ घशाच्या हाडात शिरली आहे, किरणांचा शेक देऊन आता भागणार नाही. गळ्याला खाली छिद्र राहील, श्वास तिथूनच. बोलणं मशीननं शिकवतात, थोडंफार.
मी चिठ्ठी लिहून तिच्यासमोर ठेवली. गाणं?
तिनं वाचली. घडी घातली. म्हणाली, "मावशी, आधी जीव."
नाई केलं तर किती दिवस, हे पण लिहून विचारलं असतं. प्रज्ञा बाजूले होती, म्हणून नाई विचारलं.

२० सप्टेंबर
खाप्याले गेली, एकटीच. पंधरा दिवस परवाच सरले. आता मनाई पाळून काय करू?
देवीदासभाऊ कन्हानच्या काठावर त्यायच्या घरी होते, पेटी पुसून राहिले होते. मले पाहून उठले नाई. तिथंच समजलं.
म्हटलं, "भाऊ, पारंपरिक?" आवाज असा निघाला जसा डब्यातून खडे पडले.
ते म्हणाले, "कुंदा, बस आधी."
"पारंपरिक म्हंजे ज्याचा बाप नाई, माय नाई असं?"
"तुहा आवाज गेला तो मले एप्रिलमधीच समजला होता. तुले समजायच्या आधी. गाणं तुह्यासंगं जाऊ द्याचं होतं का?"
"मले विचाराचं होतं."
"तू नाई म्हटलं असतं."
हे खरं आहे. मी नाईच म्हटलं असतं.
मग तिसऱ्या कडव्याचं विचारलं, ते काहून काढलं? भाऊ खाली पाहून बोलले. "नाव आहे ना त्यात. पारंपरिक गाण्यात कोनाच्या मायचं नाव कसं राहीन? मंग विचारतीन लोक, ही बायजा कोन?"
म्हटलं, "तेच तर विचारावं म्हणून रचलं होतं."
वहिनीनं चहा आणला. मी प्याली. न पिता उठायचं होतं, पण पस्तीस वर्षांत त्या घरून चहा न पिता कधी आली नाई. सवयीनंच पिल्या गेला. येताना बसमध्ये रडली. त्यालेही आवाज नव्हता.

२१ सप्टेंबर
गळा सुजला. दिवसभर पेज.
भाऊ वाईट माणूस नाई. म्हणूनच जास्त लागलं. प्रज्ञा सव्वा महिन्याची होती, मी स्टेजवर, अन् भाऊच्या मांडीवर ती निजली होती, तिले न उठवता पेटी वाजवत होते ते. असा माणूस.
आता भांडाले आवाज पण नाई.

२८ सप्टेंबर
भाऊ आले, संगं ती कोमल. सीताबर्डीत कपड्याच्या दुकानात कामाले आहे, आज सुट्टी घेतली म्हणे. आल्या आल्या पाया पडली. "काकू, मले भाऊनं सांगतलं जुनं गाणं आहे, कोनाचं ते माहीत नाई. आईशप्पथ." पोरगी रडायच्या घाईत आली होती. मीच पाणी दिलं.
म्हणाली, तुमचं नाव टाकते खाली. आणि तिसरं कडवं शिकवा, पूर्ण गाऊन परत टाकते.
शब्द वहीत लिहून दिले. माह्या गाण्याचं अख्खं कडवं पहिल्यांदा कागदावर पाहिलं मी.
हजेरीच्या कागदावर अंगठा तिचा सुकला,
खोकून खोकून माय माही, श्वास वाटेत चुकला.
बायजा तिचं नाव होतं, लिहून घ्या कोनी तरी,
काळा दगड येचे माय, उजेड कोनाच्या घरी?
कोमलनं वाचलं. हे बाहेर जाऊन उभे राहिले.
पण चाल. तिसऱ्याची चाल वेगळी आहे. पहिली दोन सरळ जातात, तिसरं वर चढते, 'बायजा'वर सगळ्यात वर, आन् तिथं ते टिकत नाई, मोडून खाली येते. ते मोडणं मी दरवेळी वेगळं घ्यायची. त्या दिवशी जसं आलं तसं.
गाऊन दाखवाले गेली. 'हजेरी' निघालं. 'कागद' निघालं. मग हवा. पुन्हा केलं. पुन्हा हवा, आन् घशात रक्ताची चव. यायनं येऊन माहा हात धरला. "बस झालं. बस झालं म्हटलं ना."
भाऊले लिहून दाखवलं, पेटीवर तुम्हीच काढा. पस्तीस वर्षं संगं वाजवलं तुम्ही. त्यायनं काढलं. चूक. पुन्हा काढलं. चूक. मी मान हलवत राहिली. शेवटी पेटी बंद केली त्यायनं. "कुंदा, वर तू एकटीच जात होती. मी तर खाली सूर धरून बसो. तिथं काय होतं ते मले कधी आयकूच नाई आलं."

४ ऑक्टोबर
कोमलनं शब्द पाळला. खाली माहं नाव आलं, गीत: कुंदा, खापा-वाडी. प्रज्ञानं खालचे अभिप्राय वाचून दाखवले. एकानं लिहिलं, हे तर आमच्या आजीच्या काळचं गाणं आहे. एकानं, आता कोणीही उठते आन् नाव लावते. प्रज्ञा भांडायला बसली होती मोबाईलवर, मी हातातून काढून घेतला.
माह्याच गाण्याची मी चोर झाली.

९ ऑक्टोबर
हे सकाळीच निघून गेले, सांगून नाई. दुपारून आले, खिशातून कॅसेट काढली. सावनेरला एक लाउडस्पीकरवाला होता, तो जुने कार्यक्रम टेप करून ठेवे. यायले कुठून आठवलं काय माहीत. त्याच्या पोरानं माळ्यावरून डबा काढून दिला. डब्यावर लिहिलं होतं, कुंदाबाई, बुद्धपौर्णिमा.
टेपरेकॉर्डर कुठं मिळन? कोमलनं तिच्या दुकानाजवळच्या दुरुस्तीवाल्याकडून आणला. आम्ही चौघं बसलो, हे, मी, प्रज्ञा, कोमल. बटण दाबलं.
माहा आवाज. काय आवाज होता वं. मीच ओळखला नाई आधी. पहिलं कडवं. दुसरं. पेटीची ती उडी. मग 'हजेरीच्या', आन् बँड. कोणाच्या तरी लग्नाचा बँड, वरात, पोरांचा कल्ला. त्याच टेपवर भरलं होतं कोणी. शेवटपर्यंत वरातच होती. तरी यायनं बंद केली नाई, पूर्ण बाजू आयकली. मग उलटी करून दुसरी पण.

१५ ऑक्टोबर
विहारात कोमलचा कार्यक्रम. मागं बाकावर बसली, गळ्याले रुमाल. भाऊ पेटीवर. माह्याकडे पाहिलं, मी पाहिलं नाई.
तिसरं कडवं गायली पोरगी. चाल तिनंच बसवली. गोड आहे. झुलती आहे. 'बायजा तिचं नाव होतं'वर लोकायनं टाळ्यांचा ताल धरला. बाया हसून हसून टाळ्या वाजवून राहिल्या, अन् माही आई खोकून मरून राहिली.
खाली आल्यावर कोमल म्हणाली, "काकू, बरोबर झालं ना?"
मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काय करू मग? चूक काय आहे ते दाखवाले माह्याजवळ आहे काय? 'चूक' हा शब्द पण नाई निघत धड.
घरी येऊन भाकर खाल्ली नाई. प्रज्ञा म्हणते, आई, लोकांना आवडलं, नाव तर लोकांच्या तोंडात गेलं. गेलं. पोरगी समजदार आहे. तिनं आजीले पाह्यलं नाई.

१९ ऑक्टोबर
यायले लिहून दाखवलं, ऑपरेशन नाई केलं तर? यायनं पाटी वाचली. मग पुसली. पुसून परत माह्या हातात दिली.
मीही परत नाई लिहिलं.

२२ ऑक्टोबर
भरती झाली. उद्या सकाळी पहिला नंबर. बाजूच्या खाटेवर एक बाई आहे, भंडाऱ्याकडची, तिचं झालं मागच्या हप्त्यात. गळ्याले नळी. काही पाहिजे असलं तर खाटेच्या दांडीवर चमच्यानं वाजवते. एकदा, पाणी. दोनदा, नर्स. मी तिले ओठ हलवून नाव विचारलं, तर तिनं वाजवायले चमचा उचलला अन् ठेवून दिला.
भाऊ येऊन गेले. संत्री आणले. स्टुलावर बसून राहिले अर्धा तास. जाताना म्हणाले, "मी परत कधी पेटी..." मी पुढचं विचारलं नाई. माफ केलं का, मले माहीत नाई. नसंन केलं.
संमतीचा कागद आला. प्रज्ञानं वाचून दाखवला. सही केली नाई अजून, कागद उशीखाली आहे. डॉक्टरबाई पाच वाजता येते घ्यायले.
प्रज्ञा म्हणते, आई, काही बोलून ठेव, मोबाईलमधी भरून ठेवते. काय बोलू? पोरगी कोपऱ्यात जाऊन रडून आली, तोंड धुऊन.
ती चहाले खाली गेली तेव्हा हे जवळ आले. दरवाजाकडे पाहून घेतलं आधी. मग म्हणे, "एक गोष्ट सांगू? हसू नको. अठ्ठावीस वर्षं झाले, तू मले 'आयकलं का' म्हणते. नाव घेऊन कधी हाक नाई मारली. एक डाव मार."
हसू आलंच. साठीचा माणूस, गेटवरचा गणवेश घालूनच आला होता. पण हे हसून नाई राहिले.
म्हटलं मनात, मनोहर. मग तोंड उघडलं. 'म' जुळला, ओठांचा असते तो. पुढं हवाच.
"आयकू आलं," म्हणाले.
नसंन आलं. पुन्हा हाक मारून पाहते, प्रज्ञा यायच्या आधी. साडेचार झाले.