शिरडच्या घरातले आठ दिवस

१० जानेवारी २०२५, शिरड शहापूर

पोचले. नांदेडहून वसमतमार्गे एसटीनं. फाट्यावर उतरले तर पद्माकाकी उन्हात उभी. किती वेळची? "आत्ताच आले," म्हणाली. टपरीवाल्यानं लगेच सांगून टाकलं, "सकाळच्या पहिल्या गाडीपासून हायत."

सव्वीस वर्षांनी आले मी इथं. वाटलं होतं, ओळखायची नाही. तिनं माझी बॅग सरळ डोक्यावर घेतली. चाकं आहेत म्हटलं तरी ऐकेना.

दोन खोल्या, वर पत्रे, पुढं अंगण. माझे वडील, अण्णा, मास्तर झाले तेव्हा त्यांनी बांधलेलं घर. दारात थांबून काकीनं किल्ली माझ्या हातात दिली. "उघड माय. तुझंच घर हाय."

ज्यासाठी आले ते आज बोलले नाही.

११ जानेवारी

इथं लिहून ठेवते, म्हणजे उद्या तोंड उघडेल.

भीमराजनं — माझ्या धाकट्या भावानं — हे घर विकायचं ठरवलंय. कळमनुरीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याला गोदामासाठी जागा हवीय. भीमराज पुण्यात, मी बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात नर्स, अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली. "तिथं आता राहतंय कोण?" फोनवर म्हणाला.

काकी राहते. काका गेले तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. मूलबाळ नाही. माहेरी गेली नाही, इथंच राहिली. चाळीस वर्षं झाली त्याला. आता म्हणे भीमराज तिला पुण्याला नेणार. तिला कुणी विचारलेलं नाही. ते काम माझं.

१२ जानेवारी

नाही बोलले. तिनं तुरीच्या शेंगा उकडल्या होत्या, मीठ घालून. अंगणात बसून दोघींनी टोपलीभर खाल्ल्या. माझ्या केसांना तेल लावलं. "केवढे पिकले गं," एवढंच म्हणाली आणि बोटं फिरवत राहिली.

१३ जानेवारी

बोलले. ती चुलीपाशी होती, आमटीत येसर मसाला घालत होती. मी एका दमात सांगून टाकलं — भीमराज घर विकायचं म्हणतोय, गिऱ्हाईक आलंय, मला सही करायचीय.

ती ढवळत राहिली. मग म्हणाली, "तुला काय वाटून राहिलंय?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. म्हटलं, माहीत नाही काकी.

"मंग माहीत व्हईस्तोवर ऱ्हाय."

आणि ताट वाढलं.

१४ जानेवारी

विद्यापीठाचा नामविस्तार दिन. बुद्धविहारात गेलो. काकीनं तिची दुसरी पांढरी साडी मला नेसवली. निऱ्या जमेनात, तेव्हा गुडघ्यावर बसून तिनंच घातल्या. पासष्टीची बाई! उठताना माझ्या कमरेला धरून उठली.

वंदना झाल्यावर प्रत्येक बाईला सांगत होती, "आमची राणी. अमृतराव मास्तरची. विलायतेत नर्स हाय. सोताच्या घरी आलीय."

मला खाली बघावंसं वाटत होतं.

१५ जानेवारी

व्यापाऱ्याचा माणूस जागा मोजायला आला. मोहनसिंग नावाचा. टेप काढला, पण दुसरं टोक धरायला कुणी नाही. तो माझ्याकडं बघतोय. मी दारातच उभी.

काकी उठली. हात पदराला पुसले, टेपचं टोक घेतलं आणि भिंतीला टेकवून उभी राहिली. "बराबर हाय का?" त्याला विचारलं. मागच्या भिंतीपर्यंत त्याच्याबरोबर फिरली. वर चहा दिला.

तो गेल्यावर मी न्हाणीत जाऊन रडले. नळ सोडून ठेवला होता. काकी बाहेरून म्हणाली, "पानी जाऊन राहिलं माय."

१६ जानेवारी

सकाळीच भीमराजला फोन. सांगितलं, मी सही करणार नाही. घर काकीच्या नावावर करू. चिडला. माझी चार महिन्यांची धावपळ, त्या माणसाला दिलेला शब्द, तू काय उद्या विमानात बसशील — सगळं बोलला. मी बोलू दिलं. मग टेपचं सांगितलं.

त्यानं विचारलं, "टोक तिनं धरलं?"

"हो."

"कर मग," म्हणाला.

उद्या ग्रामपंचायतीत जाऊन घराचा उतारा काढते. काकीला आत्ता सांगत नाही. कागदच हातात देईन. खरं सांगायचं तर आज स्वतःवर फार खूश आहे.

१७ जानेवारी

ग्रामसेवकानं उतारा दिला. घरमालक म्हणून नाव — पद्माबाई. १९८६ पासून! काका गेल्यावर दोन वर्षांत अण्णांनीच बक्षीसपत्र करून दिलं होतं. आम्हाला कधी बोलले नाहीत. ग्रामसेवक म्हणाला, "बाईंना ठाव हाय की. दरसाल येऊन विचारतेत, नाव बराबर हाय ना म्हनून."

घरी आले. कागद पुढं धरला. हसली.

"काकी, पहिल्याच दिवशी काहून नाही सांगितलं? टेप कशाला धरलास?"

"माझं घर हाय म्हनले असते तर तू पाव्हनी झाली असतीस. दुसऱ्या दिशी गाडीत बसली असतीस." तिनं कागदाची घडी घातली, माझ्याकडं न बघता. "आठ दिस ऱ्हायलीस ना."